दरीत पडलेल्यांचा खण

निर्मिती व्यवस्थापकाचा फोन आला तेव्हा थोरली एका खलनायकाच्या भुवया विंचरत बसली होती. पलीकडे गृहस्थ भलतेच खुशीत होते. गिरणीची मालकीण परत येतेय, ते म्हणाले. लेखकांनी बराच खल केला, पण बाईंशिवाय मालिका काही उभी राहीना, तेव्हा परवा सकाळी त्या स्वतःच्याच घराच्या दारात येऊन उभ्या राहणार. तर त्यांचा तो जुना विग काढून ठेवा, कमरेइतका, डावीकडे पांढरी बट असलेला. बट जरा सांभाळून, लोकांना बाईंचं नाव आठवत नाही पण बट आठवते. थोरली "हो, पाठवते की" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर हातातल्या भुवयांकडे बघत राहिली.

मालकीणबाईंचा विग आता जगात नव्हता. थोरलीने स्वतःच्या हाताने तो उसवला होता आणि त्यातले थोडे केस आत्ता खलनायकाच्या भुवया होऊन तिच्या पुढ्यात पडले होते. बाकीच्यांची एका न्यायाधीशाला दाढी झाली होती आणि दोन जुळ्या भावांना मिशा. एक बाई परत आणायची तर चार पुरुष गुळगुळीत करावे लागले असते, आणि तेवढं करूनही उपयोग नव्हता, कारण कापलेले केस पुन्हा लांब करायची विद्या अण्णांनाही येत नव्हती.

विग उंदरांनी खाल्ला असता तर या घरात कोणी चकार शब्द काढला नसता. पण थोरलीने जे केलं होतं ते या घरात अडाणीपणात जमा होत होतं. तिने दरीत पडलेलं माणूस मेलेलं धरलं होतं.

हा नियम अण्णांचा, थोरलीच्या वडिलांचा. घराच्या तळमजल्यावरच्या लांबलचक खोलीत त्यांनी छतापर्यंत खण करून घेतले होते, आणि प्रत्येक खणात विग घातलेली लाकडी डोकी ओळीने बसलेली असत. ती त्यांनी मालिकांच्या नावाने कधीच लावली नाहीत. मालिका येतात नि बंद पडतात, त्यातल्या माणसांच्या खोडी मात्र त्याच, असं त्यांचं म्हणणं, म्हणून खण खोडींचे. दाराआड उभं राहून ऐकणारे सगळे एका खणात, मग ते राजवाड्यातले असोत की पोलीस चौकीतले. जिन्यावरून पडून सगळं विसरलेले दुसऱ्यात. गडगंज श्रीमंत पण कामाला जाताना कधी न दिसलेले तिसऱ्यात. आजार लपवणारे चौथ्यात, त्यांचे विग मुद्दाम थोडे विस्कटून ठेवलेले. झोपेतही दागिने न काढणाऱ्या बायकांचा खण सगळ्यांत मोठा होता. रात्रीचं जेवण टीव्हीसमोर व्हायचं आणि नवं पात्र आलं की ते कुठल्या खणात जाणार यावर ताटं निवेपर्यंत भांडणं व्हायची.

अण्णांनी घरच्यांनाही सोडलं नव्हतं. मधला मुलगा टेम्पो चालवून आणि निर्मात्यांच्या मागे फिरून मेटाकुटीला यायचा, तरी त्याला त्यांनी कामाला न जाणाऱ्या श्रीमंतांत टाकलं होतं, कारण तो चालतो तसा. त्याची बायको लग्न होऊन आठवडाभरात दाराआड ऐकणाऱ्यांत गेली आणि ती हे पाहुण्यांना अभिमानाने सांगायची. थोरलीच्या अंगावर कधी सोन्याचा कण नव्हता, पण अण्णा म्हणाले, हिचा स्वभाव हाच दागिना आहे आणि तो ही झोपेतही काढत नाही. धाकटी जिन्यावरून पडलेल्यांत होती. ती भांडायची कडाडून आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं विसरलेली असायची.

सगळ्यांत खालचा खण पक्क्या मेलेल्यांचा. तिथल्या विगांचे केस सोडवून दुसरीकडे वापरायची मुभा होती, म्हणून तिथे कोणाला पाठवायचं याचे नियम कडक होते. मृतदेह पडद्यावर दिसला पाहिजे, डॉक्टरने चष्मा काढला पाहिजे, आणि फोटो भिंतीवर गेला पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी माणूस वरच्या खणात, दरीत पडलेल्यांबरोबर. जळत्या गाडीतले, बुडत्या होडीतले, कड्यावरून घसरलेले सगळे तिथे निवांत बसून असायचे, आणि आज ना उद्या त्यांचा फोन यायचाच. मालकीणबाई कड्यावरून गेल्या होत्या, धुक्यात, मागे नुसती चप्पल ठेवून. यांच्या घरातल्या रांगत्या पोरानेही सांगितलं असतं की ही बाई येणार आहे.

थोरलीने सगळ्यांना खाली बोलावलं. मोठ्या टेबलाच्या एका टोकाला मधला बसला, दुसऱ्या टोकाला त्याची बायको आणि त्यांची मुलगी. ही भाची कॉलेज संपवून आता घरच्याच कामात आली होती. थोरलीने फोनची हकीकत दोन वाक्यांत सांगितली. विग कोणी उसवला हे विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. ती उसवत होती तेव्हा तिघंही दारात उभी होती आणि कोणाची जीभ उचलली नव्हती.

मधल्याने आधी सांगून पाहिलं की कसर लागली म्हणू. मग म्हणाला, तयार विग आणू आणि बट रंगवू. भाचीने ते तिथल्या तिथे निकालात काढलं. तयार विगाचे केस दिव्यांखाली प्लॅस्टिकच्या दोरीसारखे चमकतात, आणि बाई दारात उभ्या राहणार म्हणजे कॅमेरा कपाळाला नाक लावणार. थोरलीला भाचीचं कौतुक वाटलं. एवढं नेमकं बोलायला ही कुठे शिकली, असंही मनात येऊन गेलं, पण तो विचार तिने पुढे नेला नाही.

मधला म्हणाला, ताई म्हणते तेच बरोबर, काहीतरी कारण सांगून टाकू. ताईने काहीच म्हटलं नव्हतं. मधला नेहमी असा आधीच तिच्या बाजूला जाऊन बसायचा, म्हणजे ती बाजू कुठली हे तिलाही कळायचं. त्याची बायको मात्र आज गप्प होती आणि ती गप्प असणं चांगलं लक्षण नव्हतं.

"त्यांना बोलवा," भावजय अखेर म्हणाली. "कपाळावरची तेवढी बारीक कड त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही. तुम्हालाही नाही, ताई."

कोणाला, ते तिने सांगितलं नाही. धाकटीचं नाव या टेबलावर चार वर्षांत निघालं नव्हतं.

भांडण झालं तेव्हा अण्णांना जाऊन थोडेच महिने झाले होते. जवळच्या हॉस्पिटलातून एक बाई आली होती, डोक्याला रुमाल बांधून. औषधांनी केस गेले होते, तिला तिच्या पूर्वीच्या केसांसारखा विग हवा होता. धाकटी लगेच मापाची फीत घेऊन उठली आणि थोरलीने तिला थांबवलं. आपण पात्रांना केस देतो, माणसांना नाही, ती म्हणाली. पात्राला काहीही चालतं. या बाईला काल होती तशी व्हायचंय, ते कोण करून देणार. ती आरशात बघेल आणि रडेल, आणि तिथे दुसरा टेक मिळत नाही. हे सगळं ती रागात बोलली, पण खरं तर तिला त्या बाईकडे बघवत नव्हतं. धाकटीला ते ओळखू आलं आणि तिने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. मग थोरलीने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि सावकाश म्हणाली की या दारातून बाहेर गेलीस तर मला तू मेलीस.

असली वाक्यं या घरात जेवताना हसण्यासाठी असायची. त्या दिवशी कोणी हसलं नाही, आणि धाकटी जेवणाच्या वेळेपर्यंत काही विसरलीही नाही. ती गेली. त्याच आठवड्यात मालकीणबाई दरीत पडल्या. त्यांचा विग धाकटीने तरुणपणी स्वतःची वेणी कापून केला होता. थोरलीने तो एक खण खाली आणला आणि उसवायला बसली.

"आज मंगळवार," मधला म्हणाला. "आज ती दुकानात नसते."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. थोरलीने विचारलं, तुला कसं माहीत. मधल्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने मुलीकडे, मुलीने छताकडे. मालिकेत असतं तसंच, फक्त मागे ढोल वाजत नव्हते.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. मधला गेली चार वर्षं टेम्पोतून तिच्या विगांच्या दुकानात जाळी आणि सुया पोचवत होता, चक्क याच घरच्या मालातून. भावजय दर आठवड्याला डबा नेत होती. भाची शनिवारी पोहायला जाते असं सांगून छोट्या आत्याकडे कड बांधायला शिकत होती. तिला पोहता येत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिला बघायला कोणी तलावावर गेलं नव्हतं.

"मंगळवारी कुठे असते?" थोरलीने विचारलं.

"हॉस्पिटलात."

"गिऱ्हाइकं असतील तिथे."

थोरलीला फार वाईट वाटलं. आपल्याशी सगळे खोटं बोलले याचं वाटलंच, पण त्याहून जास्त याचं की त्यांना ते किती सहज जमलं. घर तिच्याशिवाय चाललं होतं आणि तिला पत्ता नव्हता. चार वर्षं दरीत आपणच पडलो होतो की काय, असं तिला वाटलं, आणि आपल्याला शोधायला कोणी खाली उतरलंही नाही.

ती उठली. मी काही तिला बोलावणार नाही, विग मिळणार नाही असं निर्मात्याला कळवते, काम गेलं तर गेलं, असं ती म्हणू लागली. हे बोलणंही खिडकीकडे तोंड करून चाललं आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती मध्येच थांबली.

"आता उशीर झाला, ताई," भावजय म्हणाली. "त्या निघाल्यात. मघाशी तुमचा फोन वाजला तेव्हा मी दाराशीच होते."

धाकटी आली ती थेट टेबलापाशी. बारीक झाली होती, गालांची हाडं वर आली होती. केस मात्र पूर्वीसारखेच, कमरेपर्यंत आणि काळेभोर. थोरलीला पहिला विचार आला तो मत्सराचा. आपण पांढऱ्या झालो, ही बघा. धंद्याची सवय म्हणून तिची नजर कपाळावरून फिरली आणि तिला नाव ठेवायला काही सापडलं नाही.

"विग कुठेय?" धाकटीने विचारलं.

"उसवला."

"आणि केस?"

"न्यायाधीशाच्या दाढीत. थोडे जुळ्यांना."

"कुठले जुळे?"

"एक चांगला आहे, एक वाईट."

"वाइटाला जास्त दिलेस?"

"त्याची मिशी मोठी आहे," थोरली म्हणाली.

धाकटी हसली. मधल्याने पण हसून घेतलं आणि बायकोने पाहिल्यावर थांबवलं. थोरलीला वाटलं, झालं, ही विसरली, अण्णांनी हिला बरोबर खणात टाकलं होतं. पण धाकटीने खुर्ची ओढली आणि समोर बसली. तिने विचारलं ते अगदी साध्या आवाजात, अण्णा पोरांना विचारायचे तसं.

"दरीच्या खणातून तिला खाली कोणी आणलं?"

"मी."

"मृतदेह दिसला होता?"

"नाही."

"डॉक्टरने चष्मा काढला?"

"डॉक्टर नव्हताच."

"फोटो लागला?"

"नाही लागला."

"मग मेली कशी, ताई?"

अण्णा असते तर त्यांनी थोरलीचा कान पिळला असता, आणि ते बरं पडलं असतं. "मला राग आला होता," ती म्हणाली. "तू जाशील असं वाटलं नव्हतं. म्हटल्यावर थांबशील असं वाटलं होतं."

"मालिकेत थांबतात," धाकटी म्हणाली. मग दोन्ही हात तिने कानांपाशी नेले, अंगठे आत सरकवले आणि केस डोक्यावरून उचलून टेबलावर ठेवले. "हा घे. लांबी बरोबर आहे. बट आज बांधून होईल."

खाली डोकं होतं, आणि त्यावर नुकतेच उगवल्यासारखे करडे केस, दाढीच्या ब्रशसारखे उभे. थोरली त्या डोक्याकडे बघत राहिली, मग विगाकडे, मग पुन्हा डोक्याकडे. विगात केस एकेक करून गाठवलेला होता, कपाळाची कड श्वासासारखी विरत गेलेली.

"कधी?" तिने विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी. आता बरी आहे, केस येतात ते विगाखाली बारीकच ठेवते. मंगळवारी नुसतं दाखवायला जाते. विगातले केस माझेच आहेत, औषध सुरू व्हायच्या आधी कापून ठेवले होते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तूच सांगितलं होतंस ना मी मेले म्हणून. मेलेल्या माणसाचं आजारपण कोण कोणाला कळवतं?"

"चौथा खण," भावजय पुटपुटली, "आजार लपवणारे," आणि तोंडाला रुमाल लावून रडू लागली. तिला कोणी रागावलं नाही. रडत रडतच तिने हेही सांगितलं की खरं म्हणजे लपवणारे आम्ही, तेव्हा खणात आम्हाला टाका.

थोरलीने विग हातात घेतला. तो अजून कोमट होता. बहिणीच्या डोक्याची ऊब हातात धरून ती बसली. माफी मागायची तिला सवय नव्हती, आणि मागायला गेलं की वाक्य ऐकलेलंच निघेल अशी भीती होती.

"मला ओळखू आला नाही," ती शेवटी म्हणाली. "कड मला दिसली नाही."

"तू बघत नव्हतीस."

"बघत होते. आल्यापासून तेच बघत होते. नाही दिसली."

या खोलीत एका कारागिराने दुसऱ्याला याहून मोठं काही कधी म्हटलं नव्हतं. धाकटीने ते ऐकलं आणि तिची नजर खाली गेली. त्या रुमालवाल्या बाईचं पुढे काय झालं, थोरलीने विचारलं. धाकटी म्हणाली, पहिला विग तिलाच करून दिला. आरशात बघून ती रडली खरी, भरपूर रडली. मग तोंड धुऊन पुन्हा बसली आणि भांग थोडा उजवीकडे हवा म्हणाली.

"दुसरा टेक मिळतो, ताई," धाकटी म्हणाली.

आता राहिली बट. पांढरे केस हवेत, तेही लांब आणि न रंगवलेले. भाचीने खण धुंडाळले, पण कमरेइतकं पांढरं कुठेच निघेना, मालिकांतल्या म्हाताऱ्यांचेही केस काळे असतात. मधला विचारात पडला. भावजयीने डोळे पुसले, एकवार थोरलीच्या मानेवरच्या भल्यामोठ्या अंबाड्याकडे पाहिलं आणि म्हणाली की माल घरातच आहे. थोरलीने तिच्याकडे एक जळजळीत नजर टाकली. मग अंबाडा सोडला आणि कात्री स्वतःच पुढे केली.

अण्णांची खुर्ची खिडकीपाशी होती, कारण कडेचं काम उजेडातच होतं. अण्णा गेल्यापासून थोरली तिथे बसायची. आज तिने ती न बोलता मागे ओढली आणि धाकटी तिच्यात बसली. थोरली केस विंचरून चिमटीत देत गेली आणि धाकटी जाळीत गाठवत गेली. भाची शेजारी उभी राहून बघत होती, आणि आता तिला पोहायला जायचं नव्हतं. ऊन उतरेपर्यंत एका बहिणीच्या काळ्या केसांत दुसरीची पांढरी बट बसली. मधल्याने लांबून पाहून सांगितलं की मालकीणबाई पूर्वीपेक्षा करारी दिसतायत. भावजय म्हणाली, दिसणारच, बट कोणाची आहे.

लाकडी डोक्यावर विग चढला. परवापर्यंत हिला कुठे बसवायचं, भाचीने विचारलं. थोरलीने ते डोकं स्वतः उचललं आणि दरीत पडलेल्यांच्या खणात ठेवलं, जळत्या गाडीतल्या एका बाईला थोडं सरकवून.

मग तिच्या लक्षात आलं की धाकटी बोडक्याच डोक्याने उठून पिशवी उचलते आहे. आता मला लागत नाही तसा, ती म्हणत होती, नुसती सवय आहे, रुमाल बांधीन. थोरलीने तिला दंडाला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. खणातून अण्णांची कापडी फीत काढली, धाकटीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या कपाळाभोवती ती गुंडाळली. हाताखालचं डोकं गरम होतं. करडे केस बोटांना टोचत होते.

भाचीने माप लिहून घ्यायला पेन काढलं. पात्र कोणतं लिहू, तिने सवयीने विचारलं.

"पात्र नाही," थोरली म्हणाली. "बहीण आहे."

फीत तिने पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी दाटलं होतं आणि फितीवरचे आकडे दिसत नव्हते, पण हे कोणाला सांगायची तिची तयारी नव्हती.

"मान सरळ ठेव," ती खेकसली. "मेलेली माणसं हलत नाहीत."

"मी मेले नव्हते, ताई."

"दिसतंय," थोरली म्हणाली. "म्हणून तर माप चुकतंय."